वसई पडली, मग दीव का नाही?

आमच्या बाबांच्या लेखी किल्ला एकच, वसईचा. बाकीचे सगळे 'तसे बरे आहेत'. रायगड बरा आहे, जंजिरा बरा आहे. एसटीत तीस वर्षं गाडी चालवून निवृत्त झालेला हा माणूस लहानपणी वसईच्या तटाखाली विटीदांडू खेळलेला. चिमाजी अप्पा त्यांच्या बोलण्यात पलीकडच्या आळीतले असल्यासारखे येतात. गेल्या दिवाळीत चकली मोडता मोडता त्यांनी विचारलं, "वसई फिरंग्यांची, दीवही फिरंग्यांचंच. वसई आपण 1739 साली घेतली. मग दीव 1961 पर्यंत कसं काय तगलं गं?" फिरंगी म्हणजे पोर्तुगीज, आणि दीव म्हणजे गुजरातच्या किनाऱ्याला लागून असलेलं बेट.

इतिहास घेऊन बीए केल्याचं हे असं अधूनमधून अंगाशी येतं. "चला, बघूनच येऊ," म्हटलं आणि जानेवारीत रजा टाकली.

पहिला दिवस

वेरावळला उतरलो तेव्हा उजाडलं होतं आणि स्टेशनाबाहेर सुक्या मासळीचा वास भरून राहिला होता. बाबांनी खोल श्वास घेतला. "आपल्या वसईच्या पाचूबंदरला आल्यासारखं वाटतंय." एवढ्या लांब येऊन पहिलं वाक्य हे.

सोमनाथ हाकेच्या अंतरावर, त्यामुळे दर्शन झालंच. मग कोडिनार, उना करत बसने दीवकडे. अंतर नव्वदेक किलोमीटरचं, पण बाबा सगळा वेळ ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून त्याचे गिअर मोजत होते. "क्लच जाळतोय," हा शेरा मला चार वेळा ऐकावा लागला. उन्याहून रिक्षा केली. वाटेत रिक्षावाल्याने मागे वळून, "काका, पहिल्यांदाच आलात?" असं हिंदीत विचारलं आणि डोळा बारीक केला. गुजरातेत दारूबंदी आणि दीवमध्ये खुली, त्यामुळे इथे येणाऱ्या पुरुषमाणसाकडे लोक एका ठरावीक नजरेने बघतात. बाबा आयुष्यात चहाच्या पुढे गेलेले नाहीत. "किल्ला बघायला आलोय," असं त्यांनी इतक्या करड्या आवाजात सांगितलं की घोघल्यापर्यंत तो गप्पच बसला.

घोघला अजून काठेवाडच्या जमिनीवर, पण हद्द दीवची. तिथून पूल ओलांडला की बेट. पुलावरून डाव्या हाताला, खाडीच्या तोंडाशी पाण्यात उभा एक छोटा किल्ला दिसतो, नांगरून ठेवलेल्या गलबतासारखा. पाणीकोठा. त्याच्या पलीकडे बेटाच्या पूर्व टोकावर मोठा किल्ला पसरलेला. ऊन उतरतीला लागलं होतं आणि तट मधासारखा पिवळा दिसत होता.

"दगड कच्चा दिसतोय," बाबा म्हणाले.

लॉजवाल्याने फोनवर समुद्र दिसणारी खोली कबूल केली होती. समुद्र दिसत होता. गच्चीतल्या पाण्याच्या टाकीवर चढलं तर. वाद घातला, दोनशे रुपये कमी करून घेतले आणि झोपलो.

दुसरा दिवस

सकाळी किल्ला उघडायच्या आधीच दारात. किल्ल्याला तीन बाजूंनी समुद्र आणि चौथ्या बाजूला, शहराकडे, खंदक. खंदक हा शब्द आपण फार सहज वापरतो, डोळ्यांपुढे मातीचा चर येतो. इथे अख्खा खडक कापून काढलाय. पुलावरून वाकून पाहिलं तर खाली दोन्ही बाजूंना ताशीव कातळभिंती आणि भरतीचं पाणी आत शिरलेलं. बाबा पुलाच्या कडेला उकिडवे बसले आणि हात लांबवून दगडावर बोटं फिरवू लागले. छिन्नीचे घाव तिरपे, एकाखाली एक, बोटभर अंतराने, आणि मध्येच एका जागी घावांची दिशा उलटी झालेली. "इथे डावखुरा होता," बाबा म्हणाले. खरं असेल किंवा पाथरवटाने नुसती जागा बदलली असेल, पण पावणेपाचशे वर्षांमागचा कुणी डावखुरा माणूस क्षणभर डोळ्यांपुढे उभा राहिला खरा.

दगड चुनखडीचा. जवळून पाहिला तर समुद्रातल्या बारीक जीवांच्या कवचांचे कणच कण एकमेकांना चिकटलेले दिसतात. आपल्या काळ्या फत्तराची सवय असलेल्या नजरेला तो खरोखरच कच्चा वाटतो. पण तोफेचा गोळा बसला तर असा मऊ दगड तडकत नाही, खचतो, असा माझा एक अंदाज. बाबांना तो पटला नाही.

आता थोडा मागचा धागा, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पोर्तुगीज किल्ला बांधण्याच्या आधीपासून दीव हे गुजरातच्या सुलतानाचं भरभराटीचं बंदर होतं. मलिक अयाझ नावाचा एक परदेशातून आलेला गुलाम कर्तबगारीच्या जोरावर इथला सुभेदार झाला आणि त्याने बंदराची तटबंदी केली. 1508 मध्ये त्याची आणि इजिप्तच्या मामलुकांची गलबतं थेट आपल्या चौलपर्यंत आली. चौलच्या खाडीतल्या त्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेइदाचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. बापाने पुढच्या वर्षी, फेब्रुवारी 1509 मध्ये, दीवच्या समुद्रात तो सूड उगवला. हिंदी महासागरावर पोर्तुगिजांचा वचक बसला तो या लढाईने. तरीही जमिनीवर पाय ठेवायला त्यांना अजून सव्वीस वर्षं लागली. 1531 साली पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्या मोठं आरमार घेऊन आला आणि हात हलवत परत गेला.

मग तलवारीने जमलं नाही ते हुमायूनने करून दिलं. मोगल अंगावर येतायत म्हटल्यावर सुलतान बहादुरशहाने डिसेंबर 1534 मध्ये तह करून आमची वसई पोर्तुगिजांना दिली. मुंबईची बेटं आणि साष्टीही त्यातच गेली. 1535 मध्ये हुमायूनने गुजरात उधळून टाकल्यावर बहादुरशहाने दीवला किल्ला बांधायचीही परवानगी देऊन टाकली.

"म्हणजे वसई आणि दीव, दोन्ही याच माणसाने दिली?" बाबांनी बहादुरशहाचा उल्लेख यापुढे 'तो शहाणा' असाच केला.

त्या शहाण्याला पश्चात्ताप झाला, पण उशिरा. फेब्रुवारी 1537 मध्ये तो नुनो द कुन्याला भेटायला त्याच्या जहाजावर गेला आणि परतताना झालेल्या झटापटीत याच समुद्रात मारला गेला. कोणी आधी हात उचलला यावर दोन्ही बाजूंच्या बखरकारांचं एकमत नाही, आणि ते होणारही नाही.

आत चढण चढून बुरुजावर गेलो. तोफाच तोफा. काही पंचधातूसारख्या झळाळणाऱ्या, बऱ्याच लोखंडी, गंजून पापुद्रे सुटलेल्या. एका तोफेवर पोर्तुगालचं राजचिन्ह: ढालीत पाच छोट्या ढाली आणि प्रत्येक ढालीत ठिपके. तोफेच्या तोंडात वाळक्या गवताच्या काड्या कोंबलेल्या. कुणा पाखराचं घरटं असावं. याहून कितीतरी मोठी, बहादुरशहासाठी 1533 मध्ये ओतलेली एक तोफ दीवमधून उचलून लिस्बनला नेलेली आहे. ती तिथल्या लष्करी संग्रहालयात असते.

पहिला मोठा वेढा 1538 चा. इजिप्तचा तुर्की सुभेदार सुलेमान पाशा आरमार घेऊन उतरला, जमिनीवरून गुजरातचं सैन्य. किल्ल्यात आंतोनियो द सिल्व्हेइरा आणि सहाएकशे माणसं. वेढा संपला तेव्हा उभं राहून लढू शकतील असे चाळीससुद्धा उरले नव्हते. बायकांनीही तटावर दगडमाती वाहिली, आणि त्यांतल्या इझाबेल द व्हेइगा आणि आना फर्नांदिश यांची नावं पोर्तुगीज इतिहासात राहिली आहेत. अशा पडत्या किल्ल्यासमोरून पाशा नोव्हेंबरात निघून गेला. एक तर पोर्तुगीज कुमक येत असल्याची कुणकुण. दुसरं म्हणजे वाटेत एडनला त्याने तिथल्या राज्यकर्त्याला भेटीला बोलावून फासावर चढवलं होतं, त्यामुळे गुजरातवाल्यांना या पाहुण्याची धास्तीच बसली होती. पोर्तुगीज गेले आणि हा बसला तर काय, हा हिशेब त्यांनी केला नसेल तर नवल.

खरा जीवघेणा वेढा मात्र 1546 चा. एप्रिल ते नोव्हेंबर. आत किल्लेदार जुआंव मास्कारेन्यश आणि सुरुवातीला जेमतेम दोनशे-अडीचशे माणसं. बाहेर गुजरातच्या सुलतानाचा सरदार खोजा सफर. जूनमध्ये तोफेच्या गोळ्याने खोजा सफर गेला, त्याच्या मुलाने वेढा पुढे चालवला आणि ऑगस्टात सेंट जॉनच्या बुरुजाखाली सुरुंग भरला. समोरचे हल्लेखोर अचानक मागे सरले तेव्हा मास्कारेन्यशला वास आला. त्याने बुरूज सोडायला सांगितलं. वरच्या तरुण सरदारपुत्रांना मागे सरणं म्हणजे कमीपणा वाटला. थांबले. बुरूज उडाला. त्यांत गव्हर्नर जुआंव द काश्त्रूचा मुलगा फर्नांदो होता.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वसईला सेबास्त्यानच्या बुरुजाखाली आपण असाच सुरुंग लावला होता." आणि जरा वेळाने, "पोराचं वय काय असेल?"

तटाच्या सावलीत बसून मी त्यांना दाढीची गोष्ट सांगितली. नोव्हेंबरात काश्त्रू स्वतः आरमार घेऊन आला, वेढा मोडला, पण किल्ला म्हणजे दगडांचा ढीग राहिला होता. नव्याने बांधायला पैसा हवा. त्याने गोव्याच्या नगरसभेला वीस हजार पार्दावांचं, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या नाण्यांचं, कर्ज मागणारं पत्र धाडलं. तारण काय ठेवणार? मुलाची हाडं पाठवायचं त्याच्या मनात होतं, पण प्रेत उकरण्याजोगं झालं नव्हतं. म्हणून त्याने आपल्या दाढीचे केस पाठवले. गोवेकरांनी पैसे दिले, बायकांनी दागिनेसुद्धा. आज आपण ज्या तटावरून फिरतो तो मुख्यतः या कर्जातून सुरू झालेल्या बांधकामाचा.

"दाढीवर वीस हजार!" बाबा आपल्या गुळगुळीत गालावरून हात फिरवत म्हणाले. "मला सोसायटीने स्कूटरला कर्ज देताना दोन जामीन मागितले होते."

दुपारी दीपगृहापाशी गेलो. समोर नुसता निळा समुद्र. 1961 च्या 18-19 डिसेंबरला भारतीय नौदलाची 'दिल्ली' ही क्रूझर याच बाजूला होती. तिच्या तोफा किल्ल्यावर चालल्या, हवाई दलाच्या विमानांनी 'वेगा' नावाची पोर्तुगीज गस्ती नौका बुडवली, तिचा तरुण कप्तान ऑलिव्हेइरा ई कार्मू तिच्यावरच गेला, आणि 19 तारखेला दीव शरण आलं. 426 वर्षांचा कारभार आटोपायला दोन दिवस पुरे झाले.

उतरताना तुरुंगाची इमारत लागली. हो, किल्ल्यातच तुरुंग होता. 2018 च्या सुमारास बातमी आली होती की एवढ्या तुरुंगात एकच कैदी उरलाय आणि त्याच्यासाठी पहारेकरी नेमलेत. बाबांचं मत पडलं, "त्याला कंटाळा आला असेल."

आणि मग त्यांनी पुन्हा मूळ मुद्द्याला हात घातला. "खंदकामुळे टिकला. वसईला असा कातळातला खंदक कुठाय?"

मला तेवढंसं पटत नव्हतं. खंदक होता तरी बुरूज उडालाच की.

तिसरा दिवस

सकाळी शहरात. झांपा दरवाजा लाल रंगवलेला, त्यावर सिंह, देवदूत आणि एक पाद्री. तिन्ही मूर्ती एकाच हाताच्या आणि त्या हाताला सिंह जमत नव्हता असं माझं प्रामाणिक मत. गावातले पांढरेशुभ्र चर्च पाहिले. सेंट पॉलचं 1610 च्या सुमारास पुरं झालेलं, अजून चालू आहे. सेंट फ्रान्सिसचं दवाखान्याच्या कामी लागलं, सेंट थॉमसचं संग्रहालय झालं. वसईत किल्ल्यातल्या बहुतेक चर्चना छप्पर नाही, आत पिंपळ. इथे छपरं आहेत. बाबांना हे बोचलं असावं, कारण त्यांनी फक्त "रंग जास्त दिलाय" एवढंच म्हटलं.

गावातल्या बऱ्याच घरांवर परदेशातल्या पैशाच्या खुणा आहेत. दीवच्या वाण्यांचा मोझांबिकशी कापड आणि हस्तिदंताचा व्यापार पूर्वापार चालायचा. अलीकडे, 2020 पर्यंत, पोर्तुगीज पासपोर्टवर लोक सहज इंग्लंडात जाऊन राहत. चहाच्या टपरीवरच्या आजोबांचा नातू लेस्टरला असतो. त्यांनी बाबांना विचारलं, "तुमचा कोण बाहेर?" बाबा म्हणाले, "आम्हाला फिरंग्यांनी दोनशे वर्षं आधीच सोडलं, पासपोर्ट कुठून मिळणार!"

झांपाच्या बाहेर नायडा लेणी. लेणी कसली, दगडाची खाण. किल्ल्यासाठी इथून दगड काढला असं सांगतात आणि बघितल्यावर ते पटतं. चौकोनी ठोकळे कापून नेल्यामुळे पायऱ्यापायऱ्यांचे खोल गाभारे तयार झालेत, वरच्या भोकांतून ऊन खाली पडतं, भिंतींवरून झाडांची मुळं लोंबतात. किल्ला जेवढा उभा राहिला तेवढीच इथे पोकळी. फोटो काढणाऱ्यांची इतकी गर्दी होती की पाच मिनिटांत बाहेर पडलो. परत कधी आलो तर सात वाजताच यायचं.

दुपारी धक्क्यावर. पाणीकोठ्याला होडीतून चक्कर मारता येते, उतरू देत नाहीत. होडीवाला आधी नाही म्हणाला, वारा आहे. मग बाबांनी त्याच्याशी हिंदीत भरती-ओहोटीची चौकशी सुरू केली आणि वसईच्या खाडीतल्या बोटींची नावं काढली. अर्ध्या तासाने आम्ही होडीत होतो.

पाण्यातून पाहिल्यावर सगळं कोडं सुटतं. खाडीच्या तोंडात पाणीकोठा, डाव्या हाताला किल्ला. जुन्या काळी इथे साखळदंड ताणून बंदर बंद करत. किल्ला शहराचं रक्षण करतो म्हणतात ते अर्धंच खरं. शहराकडे त्याची पाठ आहे, खंदकही शहराकडूनच आहे. तो धरून बसलाय हे तोंड. शहर तर मस्कतच्या अरबांनी सतराव्या शतकात येऊन लुटलंही.

"बाबा," मी म्हटलं, "1546 च्या वेढ्यात यांना मदत कशी आली सांगू? पावसाळ्यात. वेढा घालणाऱ्यांचा भरवसा असा की पावसाळ्यात समुद्र बंद, बाहेरून कोणी येणार नाही. पण काश्त्रूने भर तुफानात गोव्याहून गलबतं सोडली. त्याचा थोरला मुलगा आल्व्हारो निघाला, वादळाने झोडपून काढला, आणि कुठे थांबला माहितेय? वसईला. आपल्या वसईच्या आसऱ्याने थांबून मग दीव गाठलं."

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हणजे दीव वाचवलं ते वसईने!

"आणि 1739 ला?"

"1739 ला उलट. साष्टी, ठाणं आपण दोन वर्षं आधीच घेतलेलं. मग माहीम-केळवे, तारापूर. मग भाईंदरजवळचं धारावी, म्हणजे खाडीचं तोंडच. आणि त्याच वेळी आपला सरदार व्यंकटराव घोरपडे गोव्यात घुसलेला. गोव्यालाच आग लागलेली."

होडी पाणीकोठ्याला वळसा घालत होती. भिंतीवर लाटा आपटून तुषार अंगावर येत होते. बाबांनी टोपी काढून खिशात घातली आणि थोडा विचार केला.

"म्हणजे असं बघ. दीव काय, वसई काय, दोन्ही थांबे. गाडी सुटायची गोव्याच्या डेपोतून. 1546 ला डेपो चालू होता, जादा गाडी सोडली, ती वसईला चहाला थांबून इथे पोचली. 1739 ला डेपोच बंद आणि वाटेतले सगळे फाटे आपण अडवलेले. मग वसईच्या थांब्यावर माणसं उभी राहून राहून करणार काय? मे महिन्यात उतरून गेली."

पुस्तकांत वाचून जे मला नीट मांडता आलं नव्हतं ते या माणसाने तीन वाक्यांत मार्गी लावलं. खंदकाबद्दल त्यांनी पुन्हा अवाक्षर काढलं नाही. तरी उतरताना होडीवाल्याला त्यांनी मराठीतच ऐकवलं, "चिमाजी अप्पांना इथवर यायला वेळ मिळाला नाही." त्याने मान डोलावली.

चौथा दिवस

परतीची गाडी गाठायची म्हणून लवकर आवरलं. चक्रतीर्थाजवळ 'खुकरी'चं स्मारक आहे. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवपासून दूर समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने ही युद्धनौका बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून आले नाहीत. तिथे वाऱ्याशिवाय आवाज नव्हता.

नागव्याच्या वाटेवर होकाची झाडं दिसतात. ताडासारखीच, पण खोडाला फांद्या फुटलेल्या. आपल्याकडे अशी क्वचितच बघायला मिळतात. आफ्रिकेतून पोर्तुगिजांबरोबर आली असं गावकरी सांगतात. झाडाखाली वाळकी, तांबूस फळं पडली होती. बाबांनी डझनभर उचलून पिशवीत भरली. हद्दीवरच्या तपासणीत पोलिसाने फुगलेली पिशवी पाहून बोट दाखवलं. बाटल्या शोधत होता बिचारा. एकेक फळ बाहेर काढून त्याने हुंगून पाहिलं आणि बाबांकडे अशा काही नजरेने पाहिलं की मला तोंड फिरवून हसावं लागलं.

वसईला पोचल्यावर संध्याकाळी बाबा कट्ट्यावर गेले. मी खिडकीत होते. कुणीतरी विचारलं, काय, कसा काय होता किल्ला? बाबांनी घसा खाकरला, इकडेतिकडे पाहिलं.

"तसा बरा आहे," ते म्हणाले. मग आवाज उतरवून, "ठेवलाय मात्र आपल्यापेक्षा चांगला."